मोटरहोमचा फ्रिज दुपारी गार होत नाही: मागे दोन पंखे लावले तरी ढिम्म फरक नाही

भटकभवानी

मंडळी, आता हात टेकले आहेत.

आमच्या जुन्या मोटरहोममध्ये तिन्हीवर चालणारा फ्रिज आहे: गॅस, घरगुती वीज आणि १२ व्होल्ट. सकाळी आत ४-५ अंश असतात. बाहेर ३५-३६ झाले की दुपारी ३ पर्यंत आतला पारा ११ वर जातो, आणि रात्री पुन्हा खाली येतो. म्हणजे फ्रिज मेलेला नाही, त्याला गरम होतंय.

गाडीच्या बाजूच्या भिंतीत दोन झरोके आहेत, एक जमिनीजवळ आणि एक फ्रिजच्या माथ्याच्या आसपास. छतावर झरोका नाही. ठिकठिकाणी वाचून मी वरच्या झरोक्याच्या जाळीवर आतून दोन १२० मिमीचे कॉम्प्युटरचे पंखे बसवले, हवा बाहेर फेकतील असे. पंखे मस्त फिरतात. बाहेर हात धरला तर गरम वारा लागतो. पण फ्रिज ११ वरून १०.५ वर आला, बस्स. आणखी दोन पंखे खाली लावायचा विचार आहे. कोणी केलंय का? खाली लावले तर आत ढकलणारे लावायचे ना?

निवांत

+१. माझंही हेच रडगाणं आहे. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

रानवाटा

सोपा उपाय सांगतो. फ्रिजच्या वरच्या फळीला आतल्या बाजूने चार भोकं पाडा. गाडीतली हवा मागे जाईल आणि मागची गरमी मोकळी होईल. मी एका कपाटाला असंच केलं होतं.

तांबट

रानवाटा, हे कृपा करून कोणी करू नका. कपाटाची गोष्ट वेगळी. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या मागे ज्योत जळते. तिचा धूर त्याच पोकळीतून बाहेर जातो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला ना रंग ना वास. फ्रिजमागची पोकळी राहत्या जागेपासून पूर्ण बंद असायलाच हवी. बाजूच्या फटी, वायरीची भोकं, फ्रिजच्या माथ्यावरची फळी, सगळं. भटकभवानी, तुम्ही मागे हात घालणारच आहात तर आधी हे तपासा. फ्रिजच्या चौकटीभोवती कुठून बाहेरचा उजेड दिसतो का ते अंधारात बघा. आणि गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर पंख्यांच्या आधी तो घ्या.

आता मूळ प्रश्न. आणखी पंखे लावू नका, निदान आत्ताच नको. तीस वर्षं शीतकरणाच्या धंद्यात काढली आहेत. यातले निम्मे फ्रिज पंख्याविना बरे होतात असा अनुभव आहे. चार गोष्टी सांगा:

फ्रिजच्या मागच्या नळ्यांपासून गाडीच्या भिंतीपर्यंत किती अंतर आहे? फ्रिजचा माथा आणि वरची फळी यांत रिकामी जागा किती? वरच्या झरोक्याची वरची कड कंडेन्सरच्या वर येते की खाली? (कंडेन्सर म्हणजे सगळ्यात वरची, पात्यांची नळी.) आणि तुमचे दोन पंखे त्या झरोक्याची किती जागा व्यापतात?

भटकभवानी

तांबटकाका, धन्यवाद. भोकं पाडणार नाही, घाबरू नका :) अलार्म आहे, बटण दाबून पाहिला, बोंबलतो.

मोजमाप: नळ्यांपासून भिंत ९ सेंमी. माथ्यावर १४ सेंमी रिकामं. वरच्या झरोक्याची वरची कड कंडेन्सरच्या ३ सेंमी खाली येते (हे बरोबर नाही ना?). पंखे झरोक्याच्या निम्म्याहून थोडे जास्त व्यापतात. उरलेली जाळी उघडी आहे.

तांबट

झालं, सापडलं. एक नाही, तीन गोष्टी आहेत.

तुमचे पंखे बाहेर फेकतात आणि त्यांच्याच शेजारच्या उघड्या जाळीतून हवा परत आत ओढतात. खालच्या झरोक्यापासून सगळा बोळ चढून येण्यापेक्षा हातभर अंतरावरून येणं हवेला सोपं. हात बाहेर धरलात तेव्हा लागलेला गरम वारा बराचसा जागच्या जागी फिरत होता.

खात्री करायची तर टिश्यू पेपरची बोटभर पट्टी घ्या, पंखे चालू ठेवा आणि झरोक्याच्या उघड्या भागासमोर बाहेरून धरा. पट्टी आत ओढली गेली तर मी म्हणतो तेच. मग खालच्या झरोक्यासमोर धरा. तिथे पट्टी जागची हलली नाही तर प्रश्न मिटला. काडी किंवा मेणबत्ती घेऊन हा खेळ करू नका, पलीकडे गॅस आहे.

दुसरं म्हणजे ९ सेंमीचा बोळ. कंपन्यांच्या पुस्तिकांत हे अंतर साधारण २५ मिमीच्या आत ठेवायला सांगतात, कारण हवा आळशी असते. रुंद बोळ दिला की ती भिंतीकडून सरळ वर जाते, पात्यांना शिवतही नाही.

तिसरं, माथ्यावरची १४ सेंमीची कोठी. गरम हवा तिथे चढून बसते आणि झरोका खाली असल्यामुळे तिला दार सापडत नाही. फ्रिजच्या डोक्यावर दिवसभर गरम उशी ठेवल्यासारखं आहे ते.

शंकासुर

एक बाळबोध शंका. घरचा फ्रिज भिंतीला चिकटून उभा असतो, त्याला एवढे लाड लागत नाहीत. मग याचेच का?

तांबट

शंका बाळबोध नाही. घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो. मोटर वायूला दाबते, म्हणून थोडी गरमी वाढली तरी मोटर जास्त वेळ चालून भागवते. या फ्रिजमध्ये हलणारा एकही भाग नाही. खाली बॉयलरमध्ये अमोनियाचं पाणी तापतं. अमोनिया वायू होऊन वर चढतो आणि कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून द्रव होतो. मग तो फ्रिजच्या आतल्या नळीत उतरतो. तिथे हायड्रोजन भरलेला असतो, म्हणून अमोनियाचा स्वतःचा दाब एकदम पडतो, तो कमी तापमानालाच उडू लागतो आणि आतली उष्णता खेचतो. पुढे खालच्या वेटोळ्यांत, म्हणजे अ‍ॅब्सॉर्बरमध्ये, पाणी त्याला पुन्हा शोषून घेतं. शोषतानाही उष्णता निघते. हे सगळं निव्वळ उष्णता आणि गुरुत्वाकर्षण यांवर चालतं.

म्हणजे उष्णता टाकायच्या जागा दोन, कंडेन्सर आणि अ‍ॅब्सॉर्बर, आणि त्या गार करायला फक्त हवा. कंडेन्सर पुरेसा गार झाला नाही तर अमोनिया द्रवच होत नाही. मग ज्योत कितीही मोठी करा, आत गारवा नाही. उलट मोठ्या ज्योतीने मागची गरमी वाढते.

म्हणूनच गाडी सपाट उभी करायला सांगतात. बऱ्याच मॉडेलांना बाजूला ३ अंश आणि मागे-पुढे ६ अंश एवढाच कल चालतो. तिरक्या गाडीत द्रव खाली उतरत नाही, बॉयलर कोरडा पडून जळतो आणि गंज रोखायला घातलेलं सोडियम क्रोमेट नळीत धरून बसतं. चालत्या गाडीत द्रव हिंदकळत राहतो म्हणून तेवढं बिघडत नाही. उभ्या गाडीत बिघडतं.

उंटावरचा_शहाणा

अवांतर: हे यंत्र १९२२ साली स्वीडनमध्ये दोन विद्यार्थ्यांनी शोधलं, बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स. आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनीही हलणारा भाग नसलेल्या फ्रिजचं पेटंट काढलं होतं, अमेरिकेत ते १९३० मध्ये मिळालं. म्हणजे फ्रिजमागे हात काळे करण्यात कमीपणा नाही.

आता थोडं गणित. पंखा नसताना हवा वर का चढते? गरम हवा हलकी म्हणून, धुराड्यासारखी. बाहेर ३५ अंश, बोळात सरासरी ५० आणि दोन झरोक्यांत दीड मीटर उंची धरली, तर घनतेतल्या फरकामुळे मिळणारा दाब येतो सुमारे ०.७८ पास्कल. हा आकडा किती चिमुकला आहे? टेबलावर ८० ग्रॅमचा छपाईचा एक कागद पसरला तर त्याच्या वजनाचा टेबलावर पडणारा दाब तेवढाच. कागदाच्या वजनाइतक्या जोरावर सगळी मदार आहे. वाटेत चुरगळलेली वायर आली, बारीक जाळी आली, की संपलं. तांबटकाका म्हणतात ती हवा आळशी नाही, अशक्त आहे बिचारी.

तांबट

कागदाची उपमा उचलली आहे. पुढे गिऱ्हाइकांना सांगताना तुमचं नाव घेणार नाही :)

शंकासुर

मग उपयोग व्हायला हवा तरी किती लागते? तेही सांगून टाका.

उंटावरचा_शहाणा

मागे २५० वॅट उष्णता टाकली जाते असं धरू. हवेने १५ अंशच तापून बाहेर पडावं असं वाटत असेल तर सेकंदाला सुमारे १५ लिटर हवा हवी, तासाला साधारण ५५ घनमीटर. १२० मिमीचा एक बरा पंखा मोकळ्या हवेत याच्या दीडपट-दुप्पट सहज देतो. अडथळ्यांत त्याचा जोर घटतो हे खरं, तरीही वाट नीट असेल तर एक पुरावा. चार पंख्यांची फौज लागत असेल तर दोष वाटेत शोधावा.

निवांत

मी खालच्या झरोक्यावर कीटक येऊ नयेत म्हणून बारीक जाळी लावली आहे. तीही नडत असेल का?

तांबट

नडते. हिशेब करा: १ मिमी भोक आणि पाव मिमी तार असेल तर उघडी जागा ६४ टक्केच उरते. त्यात धूळ बसली की निम्म्याखाली. पण जाळी काढून टाका असंही म्हणवत नाही, कारण गांधीलमाशा आणि कोळी बर्नरच्या नळीत घर करतात आणि मग ज्योत पिवळी होऊन काजळी धरते. जाळी ठेवा, जरा मोठ्या भोकाची, आणि महिन्यातून एकदा ब्रशने झाडा.

भटकभवानी

पट्टीचा प्रयोग केला. वरच्या झरोक्याच्या उघड्या भागासमोर पट्टी चपकन आत चिकटली. खालच्या झरोक्यासमोर जेमतेम हलली. तीन महिने मी पंख्यांना उगाच वीज पाजत होते!

आता क्रम सांगा, काय आधी करू? आणि पत्रा कुठला घ्यायचा?

तांबट

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. हा फ्रिज सुस्त असतो, प्रत्येक बदलानंतर त्याला एक अख्खा दिवस द्या. मोजायची पद्धतही एकच ठेवा: आत मधल्या कप्प्यात पाण्याने भरलेला पेला आणि त्यात थर्मामीटर. हवेचं तापमान दार उघडलं की उडतं, पाण्याचं नाही. दुसरा तारेचा सेन्सर कंडेन्सरजवळ, तिसरा बाहेर सावलीत.

हात घालण्याआधी गॅस सिलिंडरलाच बंद करा, वीज काढा, तासभर थंड होऊ द्या. नळ्यांना भोक पाडू नका, वाकवू नका, जवळ ड्रिल चालवताना जपा. आत दाबाखाली अमोनिया आणि हायड्रोजन आहे. कधी नाकाला झोंबणारा वास आला किंवा मागे पिवळट पूड दिसली तर फ्रिज बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर या. त्या फ्रिजला मग कुठलाही पंखा वाचवत नाही.

पहिला दिवस: पंख्यांभोवतीची उघडी जाळी आतून पत्र्याने बंद करा, म्हणजे पंखे फक्त बोळातलीच हवा ओढतील. मात्र पंख्याच्या तोंडाखेरीज सगळं मिटवलंत आणि पंखा बंद पडला, तर नैसर्गिक हवाही कोंडते. तेव्हा हे प्रयोगापुरतंच, आणि त्या दिवशी फ्रिज विजेवर चालवा, गॅसवर नाही.

दुसरा: माथ्यावरची कोठी बंद. फ्रिजच्या मागच्या वरच्या कडेपासून झरोक्याच्या वरच्या कडेपर्यंत तिरका पत्रा टाका, घसरगुंडीसारखा. हवा वळवणाऱ्या अशा पत्र्याला बॅफल म्हणतात. तुमचा झरोका कंडेन्सरच्या खाली आहे, म्हणून खरा इलाज तो वर सरकवणं हाच. भिंत कापायची तयारी नसेल तर पत्रा कंडेन्सरला न टेकता जितका जवळून जाईल तितका न्या.

तिसरा: दोन झरोक्यांच्या मध्ये, भिंतीच्या आतल्या बाजूला, नळ्यांच्या दिशेने फुगलेला पत्रा. ९ सेंमीचा बोळ अडीच-तीनवर आणा.

पत्रा अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताचा, जोडांना अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी. फोम, थर्माकोल, पुठ्ठा यातलं काहीही धुराड्याच्या जवळ नको. पत्र्याच्या मागे, भिंतीकडच्या पोकळीत न जळणारी लोकर भरली तर चालेल.

रानवाटा

कानाला खडा, भोकं नाही पाडत. पण एक विचारतो: माझ्या फ्रिजच्या धुराड्याच्या नळीत तारेला लटकवलेली पिळाची पट्टी होती. तिलाही बॅफलच म्हणतात ना? हवेला अडथळा नको म्हणून काढून टाकली.

तांबट

अहो, ती परत घाला आजच! नाव एक, काम उलट. ती पट्टी ज्योतीची उष्णता बॉयलरच्या नळीला लागावी म्हणून असते. ती काढली की गरमी सरळ वर निघून जाते आणि फ्रिज थंड होत नाही. बर्नरपासून किती उंचीवर लटकवायची ते मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. घालताना नळीतला गंज ब्रशने खरवडून बर्नरवर पडलेला चुरा झटका.

रानवाटा

आता कळलं गॅसवर गार का होत नव्हता. विजेवर बरा चालायचा. _/\_

डोंगरदरी

आमच्याकडे १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज आहे, सोलरवर. हे सगळं त्याला लागू आहे का?

तांबट

ज्योत नाही, म्हणून धुराची भीती नाही आणि कल चालतो. बाकी तत्त्व तेच. त्याच्या कंडेन्सरला स्वतःचा छोटा पंखा असतो. तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत नाही ना, एवढं पाहा. कपाटात कोंबलेला कॉम्प्रेसर फ्रिज थंड करतो, पण जास्त वेळ चालून. म्हणजे तुमची तक्रार फ्रिजबद्दल नसेल, बॅटरीबद्दल असेल.

डोंगरदरी

अगदी बरोबर, बॅटरीचीच आहे! वेगळा धागा काढतो.

भटकभवानी

आठवडा गेला. बाहेर रोज दुपारी ३५-३६ होते, म्हणून तुलना करायला हरकत नाही. सगळे आकडे दुपारी ३ चे:

सुरुवातीला कंडेन्सरजवळ ६८, पेल्यात ११.
उघडी जाळी बंद केल्यावर ५९ आणि ९.
माथ्यावर तिरका पत्रा टाकल्यावर ५१ आणि ७.
बोळ अरुंद केल्यावर ४८ आणि ६.

तिरक्या पत्र्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, मग पत्रा, तरी दोनदा चुकला आणि तिसऱ्यांदा बसला. बोटाला चार टाके पडता पडता वाचले. हातमोजे घाला हो.

एक कबुली: शेवटचा एक अंश पत्र्यामुळे आला की ६ तारखेला गाडी वळवून उभी केल्यामुळे, ते नक्की सांगता येत नाही. फ्रिजची बाजू सावलीत आली होती. एका वेळी एकच बदल हा नियम मीच मोडला.

तांबट

शाब्बास! आणि सावलीची कबुली दिलीत हे फार आवडलं. फ्रिजच्या बाजूची भिंत उन्हात असली की खालच्या झरोक्यातून आत जाणारी हवाच तापलेली असते. सावली फुकट मिळते, तिला कमी लेखू नका.

फ्रिजच्या आत एक पाटी असते, तिच्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला सापडेल. एन असेल तर फ्रिज ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलाय, एसटी असेल तर ३८, टी असेल तर ४३. तुमचा एन निघाला तर ३६ अंशांत ६ म्हणजे त्याने जीव तोडून काम केलंय.

भटकभवानी

एसटी आहे :) आता पंख्यांचं काय? झरोक्यावरून काढून कंडेन्सरच्या खाली लावू का?

निवांत

मी वरच ओढणारे ठेवा म्हणेन. खालून ढकलणाऱ्या पंख्याने माझ्या बर्नरची ज्योत दोनदा विझवली आहे.

तांबट

निवांत खालच्या झरोक्याजवळच्या पंख्याबद्दल बोलताहेत आणि ते बरोबर आहे. तिथे पंखा नकोच. मी म्हणतो ते कंडेन्सरच्या वीतभर खाली, हवा वर फेकणारे, बर्नरपासून लांब. तिथली हवा कंडेन्सरच्या वरच्या हवेपेक्षा गार, म्हणून पंखा टिकतो. आणि झरोक्यात अडथळा न राहिल्यामुळे पंखा बंद पडला तरी नैसर्गिक वाट उघडी असते. बॉल बेअरिंगचे घ्या. आडवा ठेवलेला साधा पंखा अशा उष्णतेत लवकर खडखडायला लागतो.

वर ओढणारे लावूनही लोक सुखी आहेत, यावर मी भांडणार नाही.

पंख्याला उष्णतेचं स्विच जोडा, ४५ अंशांना जुळणारं. रात्री आपोआप बंद होतील. वायरीत १ अँपिअरचा फ्यूज. थंडीत पंखे लागत नाहीतच, उलट हवा ८-१० अंशांखाली गेली की काही कंपन्या झरोक्यांना झाकणं लावायला सांगतात, कारण फार गार हवेनेही हे चक्र मंदावतं.

उंटावरचा_शहाणा

विजेचा हिशेब: एक पंखा ०.२ अँपिअर धरला तर दिवसरात्र चालून ४.८ अँपिअर-तास. स्विचमुळे निम्म्यावर येईल.

भटकभवानी

लावला, एकच, कंडेन्सरच्या खाली. झरोक्यावरचे दोन्ही काढले आणि जाळी पूर्ण उघडी केली. काल बाहेर ३७ होते: कंडेन्सर ४४, पेला ५. आज ढगाळ होतं म्हणून मोजलं नाही.

उरलेला एक पंखा फ्रिजच्या आत ठेवला तर? पात्यांवर वारा घालायला?

तांबट

चालेल, पण छोटा घ्या. १२० मिमीचा आत ठेवलात तर एक कप्पा पंख्यालाच जाईल. आतल्या पात्यांवर बर्फ साचला असेल तर आधी तो वितळवा, आणि सामान पात्यांना टेकवून ठेवू नका. दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघा. सहज निसटली तर रबर गेलं.

भटकभवानी

बिजागरीच्या बाजूला घट्ट आहे, वरच्या कोपऱ्यात निसटते. हे रबर गरम पाण्याने सरळ होतं म्हणतात, खरं का?

तांबट

नुसतं दबलेलं असेल तर होतं. कोमट-गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेका, दार बंद करून रात्रभर पट्टीने बांधून ठेवा. चिरलेलं असेल तर नवीन घ्या.

निवांत

वाखुसा (वाचनखूण साठवली). या शनिवारी मी पुठ्ठा कापायला बसतोय. हातमोजे घालून.